अडकलेला पाना आणि छावणीचे इंजिन

मित्रांनो, माझ्या दांड्यावरचे कारखान्याचे नाव घासून पुसले गेले आहे, पण त्यावाचून माझे काही अडत नाही. मी रॅचेट पाना आहे. साधा पाना नटावरून पुन्हा पुन्हा काढून बसवावा लागतो. मला एकदाच बसवले की पुरे. दांडा पुढे ओढला की नट फिरतो. मागे आणला की माझ्या पोटातला खटका चाकाच्या दातांवरून कर्रकर्र घसरतो आणि नट जागचा हलत नाही. चार बोटे जागा असली, तरी माझे काम चालते. याचा मला अभिमान आहे.

उत्तम पोलाद ठोकून मला घडवले. काही वर्षे मी लष्कराच्या मोटारींबरोबर हिंडलो. लढाई संपल्यावर मोडीच्या बाजारातून सोलापूरच्या लालसाब मिस्त्रींकडे आलो. विजापूर वेशीजवळ त्यांचे छोटे गॅरेज होते. बार्शीला धान्य आणायला जाणारे ट्रक, विहिरींवरची डिझेल इंजिने, सगळ्यांचे नट मी सोडवले. लालसाबची बायको खातूनबी चहा घेऊन यायची आणि गप्पा मारता मारता मला फडक्याने पुसायची. कधी माझे पोट उघडून ते दोघे मला धूतही असत.

मग लालसाब वारले. गॅरेज बंद झाले. माझ्याकडे बघवेना, म्हणून खातूनबीने मला लोखंडी पेटीत घालून पडवीत ठेवले. पत्रा गळत होता. माझ्या अंगावर गंज चढला. पोटातले जुने ग्रीस वाळून डिंकासारखे झाले आणि खटका त्यात रुतून बसला. मी ना पुढे फिरे, ना मागे. तरीही मी मोडलो नव्हतो, मित्रांनो, फक्त अडकलो होतो.

बहात्तर साली मोठा दुष्काळ पडला. पुढच्या उन्हाळ्यात मंगळवेढ्याच्या रस्त्याला जनावरांची छावणी उभी राहिली. तिथल्या विहिरीवरचे इंजिन एके दिवशी बंद पडले. ते विहिरीतल्या कोनाड्यात बसवलेले होते. त्याचा मागचा नट भिंतीला इतका खेटून होता, की साधा पाना फिरवायला जागाच नव्हती. लालसाबच्या हाताखाली काम शिकून आता स्वतःचे गॅरेज चालवणारा गुरप्पा सकाळीच खातूनबीच्या दारात आला.

"भाभी, मिस्त्रींचा तो मोठा पाना हाय का? गावात कुटंच घावना."

खातूनबी त्याला पडवीत घेऊन गेली. मग तिने पेटी उघडली. गुरप्पाने मला जोर लावून पाहिले आणि सरळ हातोडा उचलला.

"खाली ठेव तो!" खातूनबी कडाडली. "फुटला तर दुसरा कुटनं आणशील?"

"जनावरं कालपास्नं तान्हेली हायती, भाभी. थांबायला येळ न्हाय!"

"म्हनूनच सांगते. फोडून काय पानी येनार हाय?"

गुरप्पाने हातोडा ठेवला. खातूनबीने मला रॉकेलच्या पातेल्यात बुडवले. दोघे उंबऱ्यावर बसून राहिले. गुरप्पा सारखा उठून माझ्याकडे बघायचा. अखेर पाठीवरचे स्क्रू सैल झाले आणि माझे पोट उघडले. खातूनबीने काळे, चिकट ग्रीस काडीने खरवडले. गुरप्पाने खटका हळूच सोडवला, स्प्रिंग पुसली, दात ब्रशने घासले. तेलाचे थेंब सोडून त्याने मला पुन्हा जोडले आणि दांडा फिरवला.

कर्रकर्र!

खातूनबीने पदर डोळ्यांना लावला. मग उठून चपला घातल्या. "चल, मी बी येते."

छावणीत गोजरबाई नावाची शेतकरीण आपले दोन बैल धरून कोरड्या हौदापाशी उभी होती. "व्हईल का वो?" तिने विचारले. गुरप्पा मला घेऊन विहिरीत उतरला. तो नट सहजी ऐकणारा नव्हता. गुरप्पाच्या कपाळावरचा घाम माझ्या दांड्यावर टपटपत होता. पण खटक्याने दात सोडले नाहीत. चार-चार बोटे दांडा मागेपुढे हलवत आम्ही नट सोडवला. गुरप्पाने फाटलेले पॅकिंग बदलले, नट पुन्हा आवळला आणि इंजिन धडधडू लागले.

हौदात पाणी पडले. गोजरबाईने पहिला तांब्या भरून खातूनबीपुढे धरला.

"आदी तुमी प्या, बाई."

"न्हाई, आदी जनावरं," खातूनबी म्हणाली.

परत निघताना गुरप्पाने मला पुसून तिच्या हाती दिले. तिने मला पुन्हा त्याच्याच हातात ठेवले.

"तुज्याकडंच असू दे. पेटीत घालून मी ह्याला पुरून टाकला होता, गुरप्पा. मानूस पुरावा लागतो. हत्यार कशाला पुरायचं?"

मित्रांनो, तेव्हापासून मी गुरप्पाच्या गॅरेजात रोज काम करतो आहे. तुमच्याही घरी एखादी वस्तू अडून बसली असेल. तिच्यावर हातोडा उगारू नका आणि तिला भंगारातही टाकू नका. थोडा वेळ तिच्याजवळ बसा, तिचे पोट उघडून बघा. तिच्यात अजून पुष्कळ काम शिल्लक असेल.