आईच्या केसाची चिप

आई आमच्या प्रयोगशाळेत एकदाच आली आणि एक चिप बिघडवून गेली.

चिप म्हणजे पारदर्शक रबराचा नखाएवढा तुकडा, आत बारीक नळ्या. पाण्याचा थेंब सोडायचा. पाण्यात शिसं असेल तर नळी गुलाबी होते. चिप एकदाच वापरायची, मग विषारी कचऱ्याच्या डब्यात.

"नळी केवढी बारीक?" आईने विचारलं.

"केसाएवढी."

"बघू," म्हणत ती साच्यावर वाकली आणि तिचा एक पांढरा केस ओल्या रबरात पडला.

"मावशी, मापाला केस दिलात वाटतं!" माझा सहकारी म्हणाला.

केस नळीला लागला नव्हता, पण आमच्या नियमाने चिप बाद. तरी मी ती काचेवर चिकटवून पुरी केली आणि खणात टाकली. आई वारल्यावर ती चिप काढून उजेडात धरायची मला सवयच लागली.

एका सकाळी पाणीखात्याच्या इंजिनिअरबाई बाटली घेऊन दारात उभ्या. शाळेच्या टाकीचं पाणी होतं.

"मुलं यायच्या आत सांगा. टाकी चालू ठेवू की बंद करू?"

जुन्या चिपा संपल्या होत्या, म्हणून सहकाऱ्याने भट्टीतून नव्या चिपांचा ट्रे काढला. रबर हललं. पठ्ठ्या त्यात रबर घट्ट करणारं हार्डनर घालायलाच विसरला होता.

"नुसता पाक आहे," तो म्हणाला.

"मग आता चमच्याने वाढ सगळ्यांना!" मी म्हटलं.

तो हसला नाही. माझ्या खणाकडे न बघता म्हणाला, "पाणी बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवू. परवापर्यंत उत्तर येईल."

"आणि तोवर पोरांनी काय प्यायचं?" बाई म्हणाल्या.

आई भेट आलेल्या कपबशा त्याच संध्याकाळी वापरायला काढायची. कपाटात ठेवायला त्या काय देव आहेत, म्हणायची. मी खण उघडला.

केसाने चिप बिघडली नाही ना, हे बघायला आधी शुद्ध पाणी सोडलं. रंग नाही. मग टाकीचं. केसाशेजारची नळी हळूहळू गुलाबी होत गेली.

बाईंनी तिथूनच फोन केला. "टाकी बंद करा. हो, आत्ता!" मग त्या चिपवर वाकल्या. "यात केस कुणाचा हो?"

"आईचा."

"त्यांना सांगा, फार उपयोगी पडला."

सहकारी डब्याचं झाकण उघडण्यात उगाचच गुंतला.

"सांगते," मी म्हटलं आणि चिप डब्यात टाकली.