वस्तीचं विमान

सत्त्याऐंशी सालच्या फेब्रुवारीत, एकाच मंगळवारी, रत्नागिरीच्या मांडवीतल्या पोस्टमनने शिवा नागवेकरला दोन लांब पाकिटं आणून दिली. दोन्हींत काय आहे हे ती शिवाच्या हातात पडायच्या आधीच बंदरापर्यंत सगळ्यांना ठाऊक झालं होतं. पोस्टमनने पाकिटं फोडली नव्हती. तो तसला माणूस नव्हता. त्याने ती फक्त उन्हात धरली होती.

शिवा तेव्हा पंचवीस वर्षांचा होता आणि विमान चालवायचा परवाना खिशात ठेवून दोन वर्षं सायकल चालवत होता. त्यामुळे एकदम दोन नोकऱ्या म्हणजे जरा अतीच झालं.

पहिलं पत्र मोठ्या कंपनीचं होतं. बोइंग विमान, शंभरावर उतारू, आणि मुक्काम कलकत्ता. दुसरं एका नव्या, छोट्या कंपनीचं. पंख्याचं विमान, एकोणीस आसनं. संध्याकाळी मुंबईहून निघायचं, उजेड असेतो रत्नागिरी गाठायची, रात्रभर विमान मिरजोळ्याच्या सड्यावरच्या धावपट्टीशी उभं करायचं आणि सकाळी उतारू भरून परत मुंबई. यासाठी त्यांना रत्नागिरीतच राहणारा सहवैमानिक हवा होता, म्हणजे एका माणसाच्या खोलीची कटकट वाचली. दोन्ही कंपन्यांना पंधरा मार्चच्या आत उत्तर पाहिजे होतं.

बोइंग शिवाला हवंच होतं. मोठ्या विमानावरून छोट्यावर कधीही येता येतं. छोट्यावरून मोठ्यावर गेलेला माणूस त्याने अजून पाहिला नव्हता. हे सगळं त्याला कळत होतं. तरीपण रोज संध्याकाळी आपल्याच घरी परत यावं असं त्याला मनातून वाटत होतं, आणि ते बोलून दाखवायची सोय नव्हती. मांडवीत असं कुणी बोलत नसे.

कारण मांडवीत नोकरी म्हणजे जी गावात नसते ती. कुणाचा मुलगा मुंबईच्या गोदीत, कुणाचा नवरा मस्कतला, कुणाचा भाऊ बोटीवर. भर दिवसा घरात दिसणारा पुरुष एकतर शाळेत जाणारा असायचा, नाहीतर पेन्शन खाणारा. तिसरा कुणी दिसला तर बायका हळू आवाजात त्याच्या तब्येतीची चौकशी करायच्या. शिवाची ही चौकशी दोन वर्षं चालली होती.

शिवाचे वडील, आप्पा, मालवाहू बोटीवर सारंग होते, म्हणजे खलाशांचे मुकादम. चौतीस वर्षं त्यांनी पाण्यावर काढली. दीड-दोन वर्षांनी घरी यायचे, दोन महिने राहायचे आणि जायचे. आले की घरात गोडधोड व्हायचं, पाहुण्यांची रीघ लागायची आणि शेवटी सगळे मिळून त्यांना बंदरावर पोचवायला जायचे. सहा वर्षांचा होईपर्यंत शिवाची अशी समजूत होती की आप्पा हा एक सण आहे.

आप्पांनी दोन्ही पत्रं चष्मा लावून वाचली आणि कलकत्त्याचं वर ठेवलं. "लांबची बोट धरावी," ते म्हणाले. "माणूस लांब असला की घरात त्याची किंमत राहते."

शिवाच्या आईने, सावित्रीने, दुसऱ्या पत्रातला मजकूर दोनदा समजावून घेतला. मग विचारलं, "म्हणजे गुहागरच्या वस्तीच्या गाडीसारखं?"

तिचा धाकटा भाऊ दादू एसटीत ड्रायव्हर होता. पंधरा वर्षं तो वस्तीची गाडी चालवत होता: संध्याकाळी रत्नागिरीहून निघायचा, रात्री गुहागरला गाडीतच मागच्या लांब सीटवर मच्छरदाणी बांधून झोपायचा, आणि सकाळी तीच गाडी घेऊन परत. शिवाने थोडा विचार केला. बराच विचार करूनही त्याला फरक सापडला नाही, म्हणून तो होय म्हणाला.

आईने हातातला तांब्या खाली ठेवला. "एवढं शिकून तू दादूचीच नोकरी करणार?"

गुहागरहून एक स्थळही सांगून आलं होतं. मुलीच्या वडिलांनी मुलगा कुठे असतो म्हणून विचारलं. कदाचित रत्नागिरीलाच असेल, असं उत्तर गेल्यावर ते विचार करून कळवतो म्हणाले, आणि तेव्हापासून ते विचारच करत होते.

आनंद झाला तो एकट्या दादूमामाला. तो खाकी कपड्यांतच आला, ओट्यावर बसला आणि एका ड्रायव्हरने दुसऱ्याला विचारावं तसं गंभीरपणे विचारू लागला. रात्री विमानात कोण झोपणार? काचा कोण पुसणार? सकाळच्या गारठ्यात इंजिन उठलंच नाही तर? शिवाने सांगितलं की त्याला बाहेरून बॅटरी जोडायची सोय असते. मामाने ऐकून घेतलं, पण त्याचं समाधान झालं नाही. "असू दे," तो म्हणाला. "धक्का मारायला मी चार माणसं सांगून ठेवतो."

मार्चच्या पहिल्या आठवड्यात छोट्या कंपनीने विमान दाखवायला आणलं. मिरजोळ्याच्या सड्यावर, त्या काळ्या उघड्या कातळावर, निम्मी रत्नागिरी सकाळपासून येऊन उभी होती. आधी आवाज आला, जयगडच्या अंगाने. मग समुद्रावर एक ठिपका दिसला. ठिपक्याला पंख फुटले, तो वळला आणि सरळ लोकांच्या दिशेने खाली यायला लागला.

आणि तेव्हा रत्नागिरीच्या इतिहासात कधी न घडलेली गोष्ट घडली. पाच-सहा हजार माणसं एकाच वेळी गप्प झाली. कुणी कुणाला ढकललं नाही, कुणी मत दिलं नाही. चाकं टेकली, धूळ उडाली, पंखे फिरून फिरून थांबले, तरी कुणी हलेना. एका म्हाताऱ्याने पायातल्या वहाणा काढून बाजूला ठेवल्या होत्या. शिवाने आयुष्यात पुष्कळ विमानं पाहिली होती. पण आपल्या सड्यावर, जिथे तो लहानपणी करवंदं काढायला यायचा तिथे, हे पांढरं शुभ्र धूड शांतपणे उभं राहिलेलं बघून त्याच्याही अंगावर काटा आला.

शांतता मोडली ती दादूमामाने. तो पुढे गेला, विमानाला एक फेरी मारली, चाकावर हलकेच लाथ मारून पाहिली आणि वळून सगळ्यांना सांगितलं, "हवा बरोबर आहे."

पहिल्या फेरीत साहेब लोक बसले. दुसऱ्या फेरीत जागा उरल्या. आपला उमेदवार इथलाच आहे हे विमान घेऊन आलेल्या कॅप्टनला माहीत होतं. त्याने शिवाला घरच्यांना घेऊन ये म्हणून सांगितलं. आप्पांनी मान हलवली. आपण बोटीचा माणूस, खालूनच बघतो, म्हणाले. आई निघाली. तिने पदर खोचला, शिडीपाशी चपला काढल्या आणि आत जाऊन खिडकीशी बसली. शिवा तिच्या शेजारी. दादूमामा सर्वांत पुढे, कॅप्टनच्या हातांवर नजर ठेवता येईल असा.

विमान उचललं तेव्हा आईने शिवाचं मनगट धरलं. खाली मांडवी आली. एका बाजूला काळी वाळू, दुसऱ्या बाजूला पांढरी, मध्ये किल्ला समुद्रात पाय सोडून बसलेला. सकाळी वाळत घातलेल्या गोधडीवरून शिवाला आपलं घरसुद्धा ओळखता आलं. त्याने आईला बोट करून दाखवलं. भाट्याच्या खाडीच्या तोंडाशी पाण्याखालचा वाळूचा दांडा दाखवला; ज्याच्यावर इतक्या होड्या रुतल्या तो, हातावरच्या शिरेसारखा स्पष्ट. पण आई खाली बघतच नव्हती. ती समोर बघत होती, समुद्र आणि आभाळ जिथे मिळतात त्या रेघेकडे.

ती रेघ तिच्या ओळखीची होती. घराच्या ओट्यावरून चौतीस वर्षं ती तिने पाहिली होती. दर वेळी निघताना आप्पा तिला सांगायचे की फार लांब नाही गो, त्या रेघेच्या थोडं पलीकडे. तिला हॉलंडचे शिक्के असलेली पाकिटं येत होती, ती काही खुळी नव्हती. पण मनाला एक जागा लागते, आणि मनाने हॉलंड तिथेच, रेघेच्या थोडं पलीकडे ठेवून दिलं होतं.

आता विमान वर चाललं होतं. म्हणजे रेघ जवळ यायला पाहिजे. ती येईना. ती मागे मागे जायला लागली. एक बोट दिसली, तिच्यापुढे दुसरी, तिच्यापुढे मोहरीएवढी तिसरी, आणि त्या मोहरीच्या पुढेही मागे टाकला त्याहून जास्त समुद्र. तो आडवा पसरलेला राहिलाच नाही. तो भिंतीसारखा उभा राहिला, खिडकीच्या निम्म्यापर्यंत, निळा, आणि त्याच्यावर कुठेही कुणी नाही.

किनाऱ्यावर उभ्या माणसाला समुद्र तीनेक मैल दिसतो, आठ हजार फुटांवरून शंभराच्या पुढे. परीक्षेत हा प्रश्न चार मार्कांना आला होता आणि शिवाला चारही मिळाले होते. पण ते शंभर मैल त्याला त्या दिवशी आईच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा दिसले.

"हा संपतो कुठे?" तिने विचारलं.

"अरबस्तानात."

"आणि त्याच्या पुढे?"

"पुढे आणखी आहे."

आईने मान डोलवली. मग खाली उतरेपर्यंत ती त्या रेघेकडेच बघत राहिली.

उतरल्यावर दादूमामाने कॅप्टनशी हात मिळवला आणि गिअर बदललेला कळलासुद्धा नाही, अशी पावती दिली. आई तोवर चालायला लागली होती. चपला शिडीपाशीच राहिल्या. तापलेल्या कातळावरून ती अनवाणी सरळ करवंदीच्या जाळीकडे गेली, जिच्या सावलीत आप्पा उभे होते. शिवा चपला घेऊन तिच्या मागे.

"तुम्ही कुठे होतात?" आईने विचारलं.

"इथेच. या जाळीपाशी."

"आत्ता नाही. चौतीस वर्षं."

आप्पांनी शिवाकडे पाहिलं. मग विमानाकडे पाहिलं. दोघांकडूनही मदत आली नाही.

"मी वर जाऊन बघून आले," आई म्हणाली. "तिथूनसुद्धा तुम्ही दिसला नसतात."

भर वादळात चाळीस खलाशांना एका शिट्टीवर हलवणारा हा माणूस. पण त्याने जाळीचं एक पान तोडलं आणि ते बोटांत चुरगळलं. शेवटी ते म्हणाले, "लांब होतो."

"मग तसं सांगायचं."

"सांगितलं असतं तर तुला झोप आली नसती."

"मला झोप येत होती असं तुम्हाला कोण म्हणालं?"

आप्पांनी शिवाच्या हातातल्या चपला घेतल्या आणि वाकून तिच्या पायांपुढे ठेवल्या. बोटीवरचा माणूस असं काही चारचौघांत करत नाही. पाच-सहा हजारांपैकी निदान शंभरांनी ते पाहिलं, आणि आश्चर्य म्हणजे त्यांतल्या एकानेही नंतर त्याची थट्टा केली नाही.

तिन्हीसांजेला आप्पांनी स्वतः लिहायचा पॅड आणून शिवापुढे ठेवला. कलकत्त्याचा विषय कुणी काढला नाही. शिवाने एकदा डोळे मिटून बोइंगची खुर्ची आठवली, तिच्यात थोडा वेळ बसून घेतलं, मग उघडले आणि मोठ्या कंपनीला इंग्रजीत नकार लिहिला. आप्पांनी तो वाचला. रिग्रेट या शब्दावर त्यांचं बोट थांबलं.

"हे खरं आहे का?"

"थोडं," शिवा म्हणाला.

"मग राहू दे," आप्पा म्हणाले.

ट्रेनिंग आटोपून शिवाचं विमान सुरू झालं ते दिवाळीनंतर. पहिल्या संध्याकाळी तो मुंबईहून आला, तर मांडवीच्या लोकांपुढे मोठाच पेच होता. नोकरीवरून आलेल्या माणसाचं काय करायचं ते गावाला ठाऊक होतं. तो रोज येणार असला तर काय करायचं, ते ठाऊक नव्हतं. मग त्यांनी ठाऊक होतं तेच केलं. आईने दारात भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि पायांवर पाणी घातलं. शेजारी गोळा झाले. कधी आलास? आत्ताच. सुट्टी किती? उद्या सकाळी सात वीसला जायचं. अरेरे, असं म्हणून सगळे मनापासून हळहळले.

सकाळी आईने आमसुलं, पोह्याचे पापड आणि चार नारळ पिशवीत भरून दिले, आणि सगळी आळी त्याला रस्त्यापर्यंत पोचवायला गेली. कॅप्टनने पिशवी उचलून पाहिली आणि एक उतारू कमी करावा लागेल का, म्हणून विचारलं. संध्याकाळी शिवा परत आला. भाकरीचा तुकडा, पाणी, कधी आलास, सुट्टी किती. आठवड्याभरात हे बंद पडेल असं शिवाला वाटलं होतं. पण शिमगा आला तरी सगळे तितकेच हळहळत होते, आणि मुंबईत कॅप्टनच्या घरी आमसुलांना जागा उरली नव्हती.

पहिल्याच आठवड्यापासून आप्पा पाच वाजता वाळूत जाऊन उभे राहत. वाट बघायचं काम त्यांनी पूर्वी कधी केलं नव्हतं, त्यामुळे ते जमत नव्हतं. विमान डोक्यावरून निघून जायचं तरी यांचे डोळे पाण्यावर. दोन-तीन दिवस आईने ओट्यावरून हे पाहिलं. मग ती खाली गेली, त्यांच्या शेजारी उभी राहिली आणि दाखवलं: हात असा कपाळावर धरायचा, एका पायावर भार द्यायचा, दमला की दुसऱ्या, आणि रेघेकडे नाही बघायचं, तिच्या वर.

आप्पांनी हात लगेच कपाळावर नेला. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. विमानाला अजून अर्धा तास होता.