देव पूर्वेला, दार पश्चिमेला

मित्रांनो, मी एक जुनी व्हॅन आहे, हे माझ्याकडे पाहून कुणीही सांगेल. नंबर प्लेटवरचे दोन आकडे उडाले आहेत आणि मागच्या बंपरला तारेने बांधून ठेवले आहे. नाशिक रोडच्या एका कॉलनीत, गल्लीच्या टोकाला शेवग्याचे झाड आहे. त्याच्या खाली निळ्या ताडपत्रीत गुंडाळलेली मी उभी असते. माझ्याशी सध्या फारसे कुणी बोलत नाही, म्हणून म्हटले, आज तुमच्याशीच बोलावे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आता आठवत नाही. आठवतो तो ताज्या पांढऱ्या रंगाचा वास आणि पहिल्या दिवशी काचेवर लावलेला झेंडूचा हार. अंबडच्या एका कंपनीने मला कामगारांची ने-आण करायला घेतले. पहिली पाळी, दुसरी पाळी, तिसरी पाळी! नाशिक रोडहून माणसे भरायची, अंबडला उतरवायची, तिथली थकलेली माणसे घेऊन परत यायचे. बसली की ती डोळे मिटून घेत. एवढी माणसे माझ्या पोटात असत, पण त्यांच्यातल्या कुणाशी माझी ओळख झाली नाही. भरलेली असूनही मी एकटीच धावायची.

एक माणूस मात्र वेगळा होता. देवरामभाऊ, कंपनीतले फिटर, मूळचे चांदवडकडचे. ते झोपत नसत. खिडकीशी बसून हळू आवाजात अभंग म्हणत. उतरताना माझ्या दारावर दोन बोटे टेकवून ती कपाळाला लावत. कीर्तन हा त्यांचा जीव की प्राण. कुठल्याही गावात सप्ताह असो, गळ्यात टाळ अडकवून हे टाळकऱ्यांच्या रांगेत उभे. आणि बायकांच्या पहिल्या ओळीत त्यांच्या पत्नी कुसाबाई.

पुढे कंपनीने मोठी बस घेतली. मला गोदामाच्या मागे नेऊन उभे केले ते केलेच. चार वर्षे! टायर बसले. आरशाच्या मागे बुलबुलाने घरटे केले, पिल्ले मोठी झाली, तीही उडून गेली. पाळी सुटल्याचा भोंगा ऐकू आला की मला वाटायचे, आता कुणीतरी दार उघडेल. पण ते कुणी उघडले नाही.

मग एके दिवशी ओळखीची दोन बोटे दारावर टेकली. देवरामभाऊ निवृत्त झाले होते आणि मला भंगारात जाण्याआधी त्यांनी मागून घेतले होते.

त्याचे कारण कुसाबाई. दोन वर्षांपूर्वी पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू गेली होती. चार पावले टाकता येत, पण जमिनीवर बसता येईना. अर्धा तास खुर्चीत बसले की आडवे व्हावे लागे, आणि परक्या गावात सारखे बाथरूम कुणाला विचारायचे? म्हणून त्यांचे कीर्तन सुटले. देवरामभाऊ मोबाईलवर लावून द्यायचे. त्या म्हणायच्या, "अहो, बंद करा ते. फोटोतला भात किती येळ चिवडू?"

तेव्हा देवरामभाऊंनी ठरवले की कुसाबाईंना मंडपाच्या दारापर्यंत न्यायचे, तेही झोपायच्या पलंगासकट.

आठ महिने ते एकटे माझ्यात राबले. सीटा काढल्या, गंजलेला पत्रा घासला, मागची एक बारीक खिडकी सोडून जुन्या खिडक्या पत्र्याने बुजवल्या, आतून थर्माकोल भरून वर प्लाय ठोकला. पलंगाची उंची ठरवायला कुसाबाईंना घरातल्या खाटेवर बसवून त्यांच्या गुडघ्यापर्यंत टेप धरला. दाराला स्टीलचा दांडा लावला, खाली घडीची पायरी केली. एक शेगडी, नळाची पाण्याची टाकी, पंखा. पलंगाखाली कमोडची खुर्ची, तिला पडदा.

शेजारचे सहादूभाऊ रोज चहाचा कप घेऊन मापे काढायला उभे. "काय देवरामभाऊ, या वयात हनिमून का?"

"तुला काय करायचं? तू तुझा चहा पी."

"तसं नाय, खिडकी लय बारीक ठेवली, म्हणून इचारलं."

माझ्या आत पलंगावर बसून पाहणाऱ्या कुसाबाई म्हणाल्या, "सहादूभाऊ, तुम्हाला आत बघायला मिळू नाय म्हणूनच ठेवली!"

मित्रांनो, त्या दिवशी माझ्यात कितीतरी वर्षांनी हसणे ऐकू आले.

आणि इथेच एक चूक झाली. माझे सरकते दार डावीकडे. उजव्या बाजूला मोठी खिडकी कापायची असे ठरले होते. पण देव्हारा कुठे? पूजा करताना आपले तोंड पूर्वेला हवे, याबाबत देवरामभाऊ कुणाचे ऐकत नसत. अंगणात माझे नाक उत्तरेला होते, म्हणून उजवी भिंत पूर्वेची. त्यांनी होकायंत्र आणले, रेघ मारली आणि देव्हारा त्याच भिंतीला चार बोल्टांनी घट्ट आवळला. मोठी खिडकी कापायची राहूनच गेली.

घर जागचे हलत नाही, मी हलते, हे त्यांच्या ध्यानात आले नाही. आले तेव्हा त्यांनी उलटाच नियम केला: जाऊ तिथे गाडी उत्तरेकडे नाक करूनच उभी करायची. म्हणजे देव पूर्वेला आणि दार कायम पश्चिमेला.

पहिली फेरी त्यांच्याच गावाकडच्या सप्ताहाची, काल्याच्या कीर्तनाला. सकाळी लवकर पोहोचलो. देवळापुढे मंडप होता आणि मंडपाच्या पश्चिमेला तेवढी मोकळी जागा. देवरामभाऊंनी होकायंत्र पाहिले, मला उभे केले, पूजा केली. कुसाबाईंनी ठेवणीतले हिरवे लुगडे नेसले होते. "आता इथून निवांत ऐक," असे म्हणून ते टाळ घेऊन गेले.

मंडप भरला. मृदंगावर थाप पडली. आणि मला कळले, काय झाले आहे ते.

कीर्तन देव्हाऱ्याच्या भिंतीपलीकडे होते. मध्ये पत्रा, थर्माकोल, प्लाय. उघड्या दारासमोर कांद्याची चाळ, दोन ट्रॅक्टर आणि ओळीने लावलेल्या मोटारसायकली. महाराजांचे शब्द गुरगुर झाल्यासारखे येत. लोक हसले की कुसाबाई मान वळवत, पण कशाला हसले ते कळत नव्हते. हाक कशी मारणार? आणि सांगणार तरी काय? त्या माणसाने आठ महिने आपल्यासाठी घाम गाळला होता.

त्या हळूच दांडा धरून उठल्या, देव्हाऱ्याच्या भिंतीशी गेल्या आणि डावा तळहात तिला लावला. मृदंगाचा ठेका माझ्या पत्र्यातून थोडासा उतरत होता. तेवढाच त्यांच्या हाताला लागत होता. डोळ्यांतून पाणी येत होते. मित्रांनो, मी त्यांच्यासाठीच घडले होते, आणि मीच त्यांच्या आड उभी होते. गोदामामागे चार वर्षांत वाटले नाही इतके एकटे मला त्या वेळी वाटले.

प्रसादाच्या पत्रावळी घेऊन गावातली पायल तिकडून चालली होती. कॉलेजातली मुलगी. ती थबकली. "आज्जी, तुम्ही इकडं काय करताय? कीर्तन तर तिकडं हाय!"

कुसाबाईंनी पदराने डोळे पुसले. "आमच्या मालकांचा देव पूर्वेला लागतो ना बाई. मग आम्ही पश्चिमेला."

"आणि आजोबा कुठंयत?"

"टाळात. उठवू नको हां! चाळीस वर्षांत काल्याच्या कीर्तनातून मधेच उठलेले नाय ते."

पायलने पत्रावळी पायरीवर ठेवल्या आणि ती गेली. मंडपाच्या कडेला उभी राहून खाणाखुणा करू लागली. देवरामभाऊंनी आधी मान हलवली, "नंतर". तिने हात जोडले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले, आणि मला वाटते, त्या माणसाला तेव्हाच पहिल्यांदा माझी बंद भिंत दिसली. त्यांचा टाळ चुकला. गळ्यातली दोरी काढून त्यांनी टाळ शेजाऱ्याकडे दिले, महाराजांना नमस्कार केला आणि रांग सोडली.

दाराशी आले तेव्हा चेहरा उतरलेला. "अगं, बोलली का नाय?"

"काय बोलू? तुम्ही एवढं केलं."

"गाडी फिरवली तर देव पश्चिमेला जातो. मग पूजा..."

"अहो," कुसाबाई म्हणाल्या, "माझं राहू द्या. पण देवाकडं बघा जरा. त्यालाबी कीर्तनाकडं पाठ करून बसवलंय तुम्ही."

देवरामभाऊ देव्हाऱ्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी हँडब्रेक सोडला. इंजिन सुरू केले असते तर कीर्तनात व्यत्यय आला असता, म्हणून पायलने पाच-सहा जण बोलावून आणले. कुणी ढकलले, कुणी पुढून ओढले, देवरामभाऊंनी स्टिअरिंग धरले. महाराजांनी पाहिले असावे; त्यांनी नामाचा गजर लांबवला, लांबवतच राहिले, मी पूर्ण फिरेपर्यंत.

दार मंडपासमोर आले. आत पलंगावर कुसाबाई आणि त्यांच्या मागे देव्हाऱ्यातला विठ्ठल, दोघांचे तोंड कीर्तनाकडे. कुसाबाईंचा डावा हात मांडीवर ठेका धरू लागला. देवरामभाऊ रांगेत परतले नाहीत. पायरीवरच बसले.

त्यानंतर आम्ही सात गावे केली. होकायंत्र कुठे गेले कुणास ठाऊक. आठव्या गावाची तयारी झाली होती, पण माघात कुसाबाई गेल्या. देवरामभाऊंनी देव घरात नेला आणि माझ्यावर ताडपत्री टाकली. वर्ष होत आले. शेवग्याची फुले वरून पडतात, त्यांचा आवाज मी मोजत बसते.

काल सकाळी दोऱ्या सुटल्या. देवरामभाऊ दार उघडून पायरीवर बसले. पायलचा फोन होता. तिच्या आजीला आता खाली बसता येत नाही, गाडी आणाल का, असे ती विचारत होती. त्यांनी दाराच्या दांड्यावरची धूळ पुसली. मग म्हणाले, "आणतो. पण आधी आजीला विचार पोरी, कुठल्या अंगाला तोंड करून बसायचं त्यांना."

मित्रांनो, तुमच्या दाराशी एखादी जुनी गाडी उभी असेल तर तिला आठवड्यातून एकदा तरी चालू करा. उभे राहून आम्ही लवकर संपतो. आणि घरात कुणी थकलेले माणूस असेल, तर त्याच्यासाठी काही करण्याआधी त्याच्याजवळ घटकाभर बसा. ते जिकडे बघते आहे, तिकडे तुम्हीही बघा.