हात मांडीखाली

त्या दिवशी शाळेच्या ओट्यावर थोरलीचं आणि स्कूटरताईचं वाजलं, ते एका शर्टाच्या बटणावरून.

थोरली घरात सासू होती, आजी होती; पण गावात तिला लहानथोर सगळे थोरलीच म्हणत, आणि तसं म्हणायला लावण्यात तिनं निम्मं आयुष्य घातलं होतं. शाळेत ती जेमतेम अक्षरं गिरवण्यापुरती गेलेली. पण शहाणपण शिकवायची वेळ आली की मास्तरालाही खाली बसवायची. स्कूटरताई म्हणजे शहरातून येणारी समाजसेविका. पोर अंगानं काडी, पण गाडी अशी दामटायची की रस्त्यावरच्या कोंबड्या आवाज ओळखून आधीच कुंपणावर चढायच्या. गावात जी म्हातारी, आजारी, एकटी माणसं होती, त्यांच्याकडे रोज कुणीतरी जावं म्हणून तिनं बायका जमवल्या होत्या आणि एकेकीला एकेक घर वाटून दिलं होतं. आठवड्याला सगळ्यांनी ओट्यावर जमायचं आणि आपल्या घरची खबर सांगायची, असा तिचा शिरस्ता.

थोरलीच्या वाट्याला सुतार आला होता. आला म्हणजे, तिनंच तो दुसरीच्या हातून ओढून घेतला होता. सुतार तिच्या नवऱ्याचा जुना दोस्त. हिला वहिनी म्हणायचा, ही त्याला भावजी. बायको कधीच गेलेली, मुलगा शहरात चौथ्या मजल्यावर. मागल्या हंगामात कुणाच्या तरी छपराची तुळई बसवताना सुतार खाली आला, आणि मांडी नि उजवा हात दोन्ही मोडून बसला. हाडं जुळली, प्लास्टर निघालं, काठी घेऊन चालायलाही लागला. तेवढ्यात थोरली त्याच्या घरात शिरली.

ओट्यावर बाकीच्या बायका आपलं थोडक्यात सांगून मोकळ्या झाल्या. थोरली उभी राहिली ती भाषण करायलाच. तिनं सांगितलं की सुताराचं घर ती रोज झाडते, पाणी भरते, चूल पेटवते, जेवण रांधते, ताटही त्याच्या हाताशी नेऊन ठेवते, दाढी करते आणि शर्टाची बटणंसुद्धा लावून देते. असं करणारी गावात दुसरी दाखवा, असं काही ती बोलली नाही. नुसती सगळ्यांकडे पाहत राहिली.

स्कूटरताईनं शांतपणे विचारलं, "आणि ते काय करतात?"

"कोण, भावजी? ते काय करणार? बसून असतात बिचारे. गुणी माणूस."

"बटणं ते स्वतः लावत होते, आजी. प्लास्टर निघाल्यावर माझ्यासमोर लावली होती."

"लावत असतील. एक बटण लावीपर्यंत दिवस मावळायचा."

"मावळू द्यायचा."

झालं. आगीत तेल पडलं. थोरलीनं तिला उंटावरून शेळ्या हाकणारी म्हटलं, तुझ्या वयाची माझी दावणीची गाय आहे म्हटलं, आणखीही बरंच म्हटलं. ताईनं सगळं ऐकून घेतलं आणि मग खरी गोष्ट सांगितली. सुताराच्या मुलानं बापाला शहरातल्या वृद्धाश्रमात ठेवायचं मनात घेतलं होतं. बटाट्याची काढणी उरकली की वरच्या कचेरीतल्या बाई पाहणीला येणार होत्या. एकट्यानं उठणं, पाणी घेणं, कपडे घालणं, चूल पेटवून आपल्यापुरतं काही करणं एवढं सुताराला जमलं, तर तो आपल्या घरात राहील. नाही जमलं, तर घराला कुलूप.

"हात वापरला नाही की आखडतो," ताई म्हणाली. "तुमची मदत जरा जास्त झाली, आजी."

अति तिथे माती, असं मागून कुणीतरी पुटपुटलं. थोरलीनं ते ऐकलं, कुणी म्हटलं तेही ओळखलं, आणि पडलं तरी नाक वर ठेवून ती ओट्यावरून उतरली.

वाटेत सगळ्या रानात काढणी चालली होती. ओली काळी माती उलथलेली, तिचा गार वास हवेत भरलेला, आणि माणसं वाकून ढेकळांतून बटाटे चाचपत होती. कालची पोर मला शिकवते, असं थोरली बांधाबांधानं स्वतःशी बडबडत गेली. सुताराच्या अंगणात मात्र तिची बडबड थांबली.

अंगणात त्याचा कामाचा बाक होता. त्याच्यावर रंधा तसाच पडलेला, पात्याला गंज धरू लागलेला. भिंतीशी फळ्या वाळत लावलेल्या. ह्या माणसानं निम्म्या गावाचे दरवाजे केले होते. थोरलीच्या घरचा पाळणा त्याच्या हातचा, आणि तिच्या नवऱ्याला शेवटी नेलं ती तिरडीही त्यानंच बांधली होती. तो सुतार उन्हात पाय सोडून, ताटाची वाट बघत बसला होता. शर्ट उघडा. बटणं लावणारी यायची होती ना.

थोरली समोर बसली आणि म्हणाली, "लावा बटणं."

सुतार हसला. मग ती हसत नाही असं पाहून त्यानं हात छातीशी नेला. नवं वासरू आचळ शोधताना कसं भलतीकडेच तोंड मारतं, तशी त्याची बोटं शर्टावर फिरली. बटण सापडलं तर काज निसटायचं, काज धरलं तर बटण. लाकडातला केसाएवढा वाक बोटानं ओळखणारा हात हा, आणि तिनं त्याला सगळं आयतं देऊन देऊन ठोकळा करून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी ताईची गाडी तिनं पाणवठ्यापाशीच अडवली. चुकलं वगैरे म्हणायची तिची रीत नव्हती. एवढंच म्हणाली, "तुझी विद्या काय ती सांग."

विद्या सोपी होती. समोर बसायचं. दोन्ही हात मांडीखाली घालायचे. तो माणूस पडत नाही, भाजत नाही, तोवर ते बाहेर काढायचे नाहीत.

"आणि जीभ कुठे घालायची?"

"ती आवरायची, आजी."

हात आवरले एक वेळ, जीभ काही आवरली नाही. थोरली स्टुलावर मांडीखाली हात घालून बसायची, आणि सुतार झाडू घेऊन अर्धा कचरा इकडून तिकडे न्यायचा. उरलेला कचरा तिच्या पायाशी येऊन थांबायचा आणि तिच्याकडे बघायचा. ती दात आवळायची. सुतार घागर बुडवायचा, निम्मी सांडायचा, आणि ते पाणी चुलीकडे चाललेलं बघत ती म्हणायची, "वाहू द्या, आज चूल पोहायला शिकेल." बटाटा सोलायला घेतला की सालीबरोबर निम्मा बटाटा जायचा. ती विचारायची, "कोंबड्यांना जेवायला बोलावलंय का भावजी?" सुतार चिडायचा. चिडला की बोटं जरा जोर धरायची. एकदा ताईनं हे दाराआडून ऐकलं आणि थोरलीला बाहेर बोलावून समजावलं, की असं टोचून बोलू नये, माणसाचा धीर खचतो. आतून सुतार म्हणाला, "ताई, हात तेवढे मांडीखाली राहू द्या. जीभ असू द्या. ती बंद झाली तर मला वाटेल मीच मेलो."

पाहणीच्या आदल्या दिवशी सुतारानं खालची तीन बटणं लावली आणि चौथ्यापाशी दम घेत थांबला.

"वहिनी, एक सांगू? रागावू नका."

"सांगा. रागावायचं की नाही ते मी बघते."

"तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा मला बटणं येत होती. चूलही पेटवता येत होती."

"मग बोलला का नाहीत? तोंड तर मोडलं नव्हतं."

सुतार काजावर नजर ठेवून म्हणाला, "तुम्हीच इथे बसून रोज सांगायचा. सून चुलीला हात लावू देत नाही, लेक म्हणतो आई आता बस, घरात देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखी मांडून ठेवलंय. म्हटलं, बाईला कुठेतरी राज्य करू द्यावं. माझ्या घरात केलं तर माझं काय जातंय? म्हणून गप्प बसलो. पुढं मग हातच विसरला."

इतके दिवस गावभर ती सांगत फिरत होती की मी सुताराची सेवा करते. आणि इकडे मोडक्या हाताचा सुतार, ओट्यावर न येता, कुणाला न सांगता, तिची सेवा करत होता. ती सेवाही थोरलीच्या सेवेहून बरी. कारण त्यानं तोंडातून चकार शब्द काढला नव्हता.

"चौथं बटण लावा," ती शेवटी म्हणाली. "दिवस मावळतोय."

पाहणीला वरच्या बाई आल्या, त्यांच्यामागं शहराचा धुरळा घेऊन मुलगा आला, आणि कुंपणाला गावही येऊन टेकलं. ताई एका कोपऱ्यात उभी. थोरली सुताराच्या बाकावर बसली, हात मांडीखाली.

सुतार काठी टेकत उठला. शर्ट घातला, बटणं लावली. लावली, पण एक काज चुकवून. एक बाजू वर, एक खाली. थोरलीच्या बोटांना मुंग्या आल्या. दोन पावलं टाकली असती तर काम झालं असतं. तिनं हात आणखी आत दाबले, तशी फळीचं कुसळ तळव्यात घुसलं. सुतारानं पाणी आणलं, चूल पेटवली. ती पेटायच्या आधी इतकी धुमसली की बाई खोकत कुंपणापर्यंत गेल्या आणि परत आल्या. मुलगा मधे उठू लागला तेव्हा थोरली इतकंच म्हणाली, "बस खाली." तो बसला. लहानपणी ह्याच आवाजानं तो झाडावरून उतरायचा.

चहा झाला. सुतारानं डाव्या हाताचा आधार देऊन एकेक कप पुढं केला. बशीत जास्त होता, कपात कमी, आणि साखर बहुतेक डब्यातच राहिलेली. बाईंनी घोट घेतला आणि त्या थोरलीकडे वळल्या. ह्या घरी रोज तुम्ही येता असं कळलं, म्हणाल्या. मग ह्यांचं कायकाय करता?

सगळं गाव थोरलीच्या तोंडाकडे बघू लागलं. कुंपणापाशी ती अति तिथे मातीवालीही होती.

"काही करत नाही," थोरली म्हणाली. "बसून असते."

"काहीच नाही?"

"काही म्हणजे काही नाही. मला कुठे काय येतं?"

कुंपणावरून कुणीतरी फिसकन हसलं. बाईंनी विचारलं, मग येता कशाला?

"चहाला." आणि थोरलीनं तो बिनसाखरेचा, धुरकटलेला चहा बशीतल्या सांडलेल्यासकट शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन दाखवला.

सुतार आपल्या घरात राहिला. मुलानं जाता जाता बापाच्या शर्टाकडे हात नेला. बापानं तो हलकेच बाजूला केला आणि सगळी बटणं काढून पुन्हा पहिल्यापासून लावायला बसला. ताई थोरलीजवळ आली, तिचा तळवा उलटा करून तिनं कुसळ काढलं आणि म्हणाली, शंभर बायकांना शिकवलं, पण इतकं काही न करणारी बघितली नाही. थोरलीला हे कौतुक होतं की टोमणा, ते घरी पोचेपर्यंत कळलं नाही. तिनं कौतुक धरलं.

घरी आली तेव्हा सून रानातून मातीच्या हातांनी येऊन चुलीशी बसतच होती.

"ऊठ," थोरली म्हणाली. "चहा मी करणार. तू तिथे बस. हात मांडीखाली घाल."

सुनेला वाटलं, सासूला ऊन लागलं. पण ती बसली. थोरलीनं दूध चढवलं आणि सगळी हकिगत सांगायला घेतली: आपण कसं काही केलं नाही, कसं कशालाच हात लावला नाही, वरच्या बाई कशा बघतच राहिल्या. सांगता सांगता ती चुलीकडे पाठ करून बसली. दूध वर आलं, काठाशी थबकलं, आणि फसफसत चुलीत उतरलं. करपट वास सुटला.

सून हलली नाही. हात मांडीखालीच.

थोरली गरकन वळली. भांड्याकडे बघितलं, सुनेकडे बघितलं. एवढं डोळ्यांदेखत ऊतू जातंय आणि ही आपली ढिम्म बसलीय, ह्याचा तिला असा काही संताप आला, की त्या रात्री घरात कुणाचंच जेवण गोड झालं नाही.