पाठीवरचे हरभरे

नेकनूरच्या रेवणसिद्ध अप्पांच्या किराणा दुकानात एक रीतच पडून गेली होती. धाकटा भाऊ सिद्धाराम जन्माचा बहिरा. तो पाठमोरा काम करत असला, की अप्पा पोत्यातले चार हरभरे उचलून त्याच्या पाठीवर फेकत. तो वळला की बोटाने हुकूम: उचल, ने, जेव. गिऱ्हाइकं हसत, अप्पाही हसत. ‘बहिऱ्याला शाळा कशाला?’ म्हणून त्याला लहानपणापासून घरीच ठेवलेलं. त्याची खुणांची भाषा शिकायला घरात कुणाला सवड झाली नाही. ती येत होती एकट्या त्याच्या बायकोला, शिवांजलीला; तिची आईही बहिरी होती, म्हणून लग्नानंतर तिनेच त्याला ती शिकवली होती.

हाच सिद्धाराम ढोल असा वाजवायचा, की महादेवाच्या यात्रेत माणसं पालखी सोडून त्याच्याकडे बघत राहत. ढोल पोटाशी आवळायचा, पाय अनवाणी ठेवायचे आणि अंगात शिरणाऱ्या थरथरीवर ताल धरायचा. पुण्याच्या एका बाईंनी त्याच्यावर माहितीपट काढला. तो बघून लातूरच्या एका मूकबधिर शाळेने त्याला ढोल शिकवायला कायमचं बोलावलं. शुक्रवारी दुपारी मंगल कार्यालयात गावाला माहितीपट दाखवायचा आणि चारच्या गाडीने नवरा-बायकोने निघायचं, असं ठरलं. अप्पा म्हणाले, “जाऊ द्या. आठ दिवसांत परत येतंय बघा!”

आता गावाची अक्कल बघा. सत्काराची टोपी-टॉवेल आली, तेव्हा पुढाऱ्यांनी नाव पुकारलं ते अप्पांचं! घरचा कर्ता तोच, बहिऱ्याला काय कळतंय? अप्पांनी ऐटीत टोपी घालून घेतली. ज्याचा सत्कार, तो खाली बसून लोकांचे हात बघून टाळ्या वाजवत होता.

पडद्यावर आधी अप्पाच आले. “लेकरावानी सांभाळलाय. त्याच्या मनातलं मला न बोलता कळतंय.” मग सिद्धाराम आला. तो हातांनी बोलत होता आणि खाली अक्षरं उमटत होती. भावाला काय म्हणतोस, असं विचारल्यावर त्याने हात मागे नेऊन स्वतःच्या पाठीवर बोटं टोचली. ‘ही अप्पाची खूण. हरभरे मारतो तो.’ सगळे खो-खो हसले. पुढची अक्षरं आली: ‘अप्पा माझ्याशी कधी बोललाच नाही. मी रडलो तरी का रडतोय, हे त्याला विचारता येत नाही.’

मग कुणी हसलं नाही. अप्पांच्या कानशिलात मारल्यासारखं झालं.

स्टँडवर गाडी लागली होती. अप्पा धापा टाकत शिवांजलीपाशी आले. “पोरी, त्याला सांग, जाऊ नको म्हणावं. लई चुकलं माझं.”

“तुमीच सांगा, अप्पा.”

“मला कुठं येतंय?”

“तेच तर! चाळीस वर्षं एका घरात जेवलात. मोबाइल चालवायला दोन दिवसांत शिकलात, मग भावाची भाषा कावून न्हाई? बहिरा हाय म्हणून ते एकटे पडले न्हाईत. तुमी हात हलवले न्हाईत म्हणून पडले!”

“थांब कसं म्हणायचं, तेवढं तरी दाव.”

तिने दाखवलं. अप्पांनी चुकतमाकत ती खूण केली. सिद्धाराम बघतच राहिला! त्याचे डोळे भरले. मग त्याचे हात भराभर चालू लागले, कितीतरी वेळ. अप्पांना त्यातलं एक अक्षरही कळलं नाही.

“काय म्हणतोय?”

शिवांजली पायरीवर चढत म्हणाली, “म्हणतेत, आता थांबून काय करू? एवढा एकच शब्द येतो तुला. बाकीचे शिकून लातूरला ये, मग बोलू.”

गाडी गेली. अप्पांनी डोक्यावरची टोपी काढली. तिच्यावर आपला हक्क नव्हता, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं. सोमवारी दुकान बंद ठेवून ते लातूरच्या त्याच शाळेत खुणा शिकायला गेले, लहान पोरांच्या रांगेत बसले.

वाचकहो, पोटभर जेवू घातलं म्हणजे माणूस सांभाळला, असं होत नाही. आपल्या घरात, गल्लीत असा कुणी असेल, तर त्याची भाषा आजच शिकायला घ्या. तो उपकार नव्हे, आपलं थकलेलं देणं आहे. अप्पा आता बरंच बोलतात. पण भाऊ मात्र लातूरला राहतो.