सकाळी नीट होणारा वाफा

त्याला सगळे राजे म्हणत, कारण आयुष्यात त्याने कधी कशाची घाई केली नव्हती. चाळिशी उलटली तरी बुटांच्या नाड्या बांधायला तो इतका वेळ घ्यायचा की तेवढ्यात ताई एखादी पँट आखूड करून मोकळी व्हायची. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. जुने कपडे दुरुस्त करून द्यायच्या दुकानात ती मशीनवर बसे. आईवडील गेल्यापासून राजेचं सगळं तीच बघायची आणि तिच्या जिवाला एकच घोर लागलेला असे. आपल्यामागे याचं काय?

म्हणून वस्तीच्या बागेत त्याला काम मिळालं तेव्हा ती दुकानातच रडली. दोन इमारतींमधल्या ज्या मोकळ्या जागेत वर्षानुवर्षं लोक कचरा टाकत, तिथे आता बाग झाली होती. वाफे लाकडाचे आणि कमरेइतके उंच, म्हणजे व्हीलचेअरवर बसलेल्यालाही मातीत हात घालता यावा. वाटा रुंद, कडेने दोरी बांधलेली, म्हणजे ज्याला दिसत नाही त्याने दोरी धरून चालावं. आणि कामाला माणसं घ्यायची ती अशी, की ज्यांना दुसरीकडे कुणी दारात उभं करत नाही. आधी काही महिने काम बघणार, जमलं तर कायम करणार. राजेला हिरवे हातमोजे मिळाले. घरी आला की ते तो खिळ्याला अडकवायचा आणि जेवताना वळून वळून बघायचा.

शिकवायला एक मदतनीस मुलगी होती, पायाने जरा अधू, पण डोक्याने एकदम थंड. तिची रीत वेगळी होती. राजेने तणाऐवजी रोप उपटलं तरी ती काही बोलायची नाही. ते तसंच पडू द्यायची आणि दुसऱ्या दिवशी त्याला ते सुकलेलं रोप दाखवायची. राजे हिरमुसायचा, पण तसलं रोप पुन्हा उपटायचा नाही.

एकदा दुकानात जाताना ताईने जाळीच्या कुंपणातून राजेचा वाफा पाहिला. अर्धी रोपं आडवी पडलेली, तण दिमाखात उभं. तिचं डोकंच फिरलं. पोरगी कामचुकार आहे, हिच्या भरवशावर राहिलं तर राजे कायम व्हायचा नाही, असं तिने ठरवून टाकलं. कुणाला विचारावं, एवढं काही तिला सुचलं नाही. बागेच्या वॉचमनचे फाटके कपडे ती फुकट शिवून द्यायची, त्यामुळे त्याने नाही म्हणणं शक्य नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून बाग उघडायच्या आधी ती आत शिरू लागली. तण काढायची, मोडलेल्या जागी ट्रेमधली नवी रोपं लावायची, माती थोपटायची आणि दुकानात जाऊन नखं घासत बसायची.

मदतनीस मुलगी चक्रावली. दाखवायला ठेवलेली चूक सकाळी जागेवर नसायची. वॉचमनला विचारलं तर तो मूग गिळून गप्प. बागेच्या सुपरवायझरबाई मात्र खूश. पाहुणे आले की आधी राजेचा वाफा दाखवत. त्याच्या जोरावर आणखी चार जणांना कामावर घेतलं आणि राजेला आता मदतीची गरज नाही, असं ठरवून त्या मुलीला त्यांच्याकडे दिलं. ताईला आभाळ ठेंगणं झालं.

ती मुलगी लंगडत दुकानापर्यंत आली. म्हणाली, "ताई, मला अजून थोडे दिवस त्याच्यापाशी राहू द्या म्हणून तुम्ही बाईंना सांगा. त्याला अजून जमत नाहीये."

"त्याचं चांगलं झालेलं बघवत नाही का तुला?" ताई म्हणाली आणि तिने मशीन चालू केलं.

पुढच्याच आठवड्यात दुपारी ताईला बागेतून बोलावणं आलं. एक निवृत्त मास्तरीणबाई व्हीलचेअरवरून बागेत यायच्या. घरच्या खिडकीत बी रुजवून वाढवलेली रोपं त्यांनी स्वतःच्या हाताने वाफ्यात लावली होती. ती सगळीच्या सगळी राजेने उपटून वाटेवर ओळीने मांडून ठेवली होती. मास्तरीणबाई तोंडावर हात धरून बसल्या होत्या आणि राजे शेजारी उभा राहून हसत होता.

"असं का केलंस रे?" ताईने विचारलं.

"मास्तरीणबाईंना गंमत दाखवायची होती," राजे म्हणाला. "उपटलं तरी सकाळी परत येतात. माझी रोज येतात."

ती सुपरवायझरबाईंच्या खोलीत गेली आणि रडत रडत तिने सगळं सांगून टाकलं. त्याचा काही दोष नाही, मीच त्याला शिकू दिलं नाही, त्या मुलीला परत द्या, तो शिकेल.

"त्याला आता ठेवता येणार नाही," बाई म्हणाल्या. "आणि त्याचा वाफा बघून ज्यांना घेतलं, त्यांच्या कामावरही आता कोण विश्वास ठेवेल? वरचे लोक विचारणार, हे तरी खरं आहे का."

घरी येईपर्यंत ताईची जीभ उचलली नाही. जेवतानाही नाही. राजेने हातमोजे खिळ्याला अडकवले आणि लवकर उठव म्हणून बजावलं, कारण त्याला रोपं आलेली बघायची होती. उद्या सांगू, असं म्हणत तिने दिवा मालवला.

सकाळी तो तिच्याही आधी तयार होऊन बसला होता. वाटेत तरी सांगावं म्हणून ती त्याच्याबरोबर निघाली. प्रत्येक कोपऱ्यावर तिने तोंड उघडलं आणि प्रत्येक कोपऱ्यावर मिटलं. बाग अजून बंद होती. राजे जाळीला नाक लावून उभा राहिला.

मास्तरीणबाईंचा वाफा भरलेला होता. काल संध्याकाळी त्या आणि ती मदतनीस मुलगी रोपं लावत बसल्या असणार. सरळ ओळीत, ओल्या मातीत नवी रोपं उभी होती.

"बघ," राजे म्हणाला. "मी म्हटलं नव्हतं?"

आतून वॉचमनने दोघांना पाहिलं आणि मान खाली घालून तो पलीकडे निघून गेला. राजेने हातमोजे चढवले, एकेक बोट नीट बसवत, नेहमीसारखं सावकाश, आणि फाटक उघडायची वाट बघत उभा राहिला.