मी ठोंबरेबाईंचा शोधनिबंध

मी एक जुना शोधनिबंध आहे. मित्रांनो, नाव ऐकून पळू नका. मोजकी पानं, दोन-चार आलेख आणि कोपऱ्यात गंजलेली पिन, एवढाच माझा पसारा.

मला सुरेखा ठोंबरे नावाच्या मुलीनं लिहिलं. ती वैजापूरची. वडिलांच्या कपाशीवर लाल्या पडायचा, पानं लालभडक व्हायची, बोंडं नीट भरायची नाहीत. तेव्हा पानाच्या आत कोणतं जनुक जागं होतं, हे तिला शोधायचं होतं. शहरातल्या प्रयोगशाळेत ती पानांचा अर्क बर्फात जपून ठेवायची. वीज गेली की बर्फ वितळायचा आणि काम पहिल्यापासून. छापणाऱ्यांनीही मला दोनदा परत पाठवलं. शेवटी मी छापून आलो, तेव्हा तिनं मला नाकाशी धरून हुंगलं. ते मी अजून विसरलो नाही.

आमच्यात शाबासकीची रीत वेगळी आहे. दुसऱ्या संशोधकानं आपल्या लेखात माझा दाखला दिला, की एक उद्धरण जमा होतं. कॉम्प्युटर ती मोजतो आणि लिहिणाऱ्याच्या नावावर टाकतो. मला दाखले मिळत गेले. मी जरा फुशारलोच.

मग तिचं लग्न झालं. शिवराजरावांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं 'अमृता' असं लिहिलं. सासूबाईंनी, भागूबाईंनी, हौसेनं निवडलेलं नाव. सुरेखा तात्यासाहेब ठोंबरे होती, ती अमृता शिवराज औताडे झाली. माणूस तेवढं तेच राहिलं. पुढचे सगळे निबंध तिनं नव्या नावानं लिहिले. ती माझी धाकटी भावंडं. गुणी आहेत, पण त्यांचा दाखला फारसं कुणी देत नाही.

तांदळात लिहिलेलं नाव कॉम्प्युटरला कुठून दिसणार? त्याच्या लेखी ठोंबरेबाई एकच निबंध लिहून गायब झाल्या. आपल्या शहराचं नाव बदललं, तरी पत्रं पोचतात. माझी शाबासकी मात्र माहेरच्या दारातच पडून राहिली.

मागच्या खेपेला औताडेबाई प्राध्यापकपदाच्या मुलाखतीला गेल्या आणि उद्धरणं कमी म्हणून हात हलवत परत आल्या. यंदा पुन्हा बोलावणं आलं. त्यांच्या विभागातली हिमानी अर्ज तपासताना सहज म्हणाली, "मॅडम, या ठोंबरे कोण हो? सगळे यांचाच दाखला देतात. तुम्ही पण दिलाय."

बाई हसल्या नाहीत. हर्सूलच्या घरी आल्या, मला कपाटातून काढलं आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं. माझा जीव टांगणीला लागला. ही दोन्ही नावं एकाच बाईची, एवढं कॉम्प्युटरला कळवलं की झालं. पण जुनं नाव पुन्हा वर काढायचं, तेही भागूबाईंच्या देखत. नको तो वाद म्हणून मला परत आत सारलं तर?

भागूबाई हळद चाळत बसल्या होत्या. बाईंनी त्यांना सगळं सांगितलं. चाळणी थांबली.

"म्या ठिवलेलं नाव नाय पटलं व्हय तुला?"

"तसं नाही, आत्या. पण हे काम अमृतानं केलेलंच नाही. सुरेखानं केलंय."

भागूबाईंनी मला उचललं. इंग्रजी त्यांना येत नाही, तरी एकेक पान उलटून पाहिलं. कुठंय नाव म्हणून विचारलं आणि बाईंनी दाखवलं तिथं बोट टेकवलं. हळदीचा तो डाग अजून माझ्या अंगावर आहे.

"माझं म्हायेरचं नाव चंपा व्हतं," त्या म्हणाल्या. "आता त्या नावानं हाक मारणारं कुणी ऱ्हायलं नाय. लिही तू. दोन्ही लिही."

त्याच संध्याकाळी बाईंनी कॉम्प्युटरवर दोन्ही नावं जोडली. मुलाखतीत मी फायलीत सगळ्यांत वर होतो. समोरच्या साहेबांनी डागाकडं पाहिलं, मग नावाकडं, आणि विचारलं, "या ठोंबरे कोण?"

"मीच, सर."

या एका शब्दासाठी मी इतकी वर्षं कपाटात थांबलो होतो.

निकाल अजून लागलेला नाही. हिमानी रोज विचारते, बाई विषय बदलतात आणि फोन वाजला की माझी पानं थरथरतात. पण काल सकाळी बाईंनी चहा गाळता गाळता हाक मारली, "चंपाआत्या, चहा घ्या." बाहेरून उत्तर लगेच आलं नाही. मग आलं.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. माझी पानं पिवळी पडायचीच. पण तुमच्या घरात आई असेल, आजी असेल, काकू असेल. तिचं आधीचं नाव काय होतं ते तिला विचारा, आणि एकदा त्या नावानं हाक मारा. ओ यायला जरा वेळ लागेल. तेवढं थांबा.